तिसऱ्या रुळाची भीती

निशिगंधा : सासूबाई म्हणाल्या होत्या, "भावाचा कागद हाय, तरी मागचं पान वाच गो." मी हसले. म्हटलं, आई, अक्षय माझा सख्खा भाऊ आहे.

अक्षय : ताई, आत बस ना. रेल्वेच्या साइट ऑफिसच्या दारात सगळे बघतायत.

निशिगंधा : बघू देत. रुळाकडेच्या भिंतीतल्या दाराची किल्ली मागायला आले, तर तुझ्या ऑफिसात लाइनचा हा नकाशा. मार्चची तारीख. वर तार, दोन्ही बाजूंना भिंत. गावची सभा जूनमध्ये झाली. तेव्हा काय म्हणालास?

अक्षय : दोन ऑप्शन आहेत म्हणालो.

निशिगंधा : नीट बोल. "गाडी विजेवर येणार. एकतर रुळाशेजारी जमिनीवर तिसरा रूळ, त्यातच वीज, गुराचा पाय पडला तरी खलास. नायतर वरून तार, खालची रूळ ओलांडायची पायवाट आहे तशी." बायकांनी पोरं पोटाशी धरली होती रे. तो तिसरा रूळ होता कुठल्या कागदावर?

अक्षय : नाय.

निशिगंधा : पेण ते रोहा, कुठंच?

अक्षय : नाय म्हटलं ना! साहेब बोलला, घाबरवल्याबिगर वाट सोडायला कोण सही देणार नाय. आणि भिंत काय वाईट? पुंडलिककाका त्याच वाटेवर गाडीखाली गेले.

निशिगंधा : मग तेच सांगायचंस. लोकांनी पूल मागितला असता.

अक्षय : म्हणूनच तर…

निशिगंधा : बोल की. थांबलास का?

अक्षय : पुलाचा खर्च साहेबाला नको होता.

निशिगंधा : गावातला प्रत्येक कागद माझ्याकडे येतो वाचायला. पुढचं पान मी मोठ्यानं वाचलं, तारेची लाइन मान्य. मागच्या पानावर वाट सोडल्याची संमती, ते मी वाचलंच नाय. जनीमावशीचा अंगठा मी माझ्या हातानं उठवला, अक्षा. आई गेल्यावर जिनं आपल्याला वाढवलं, तिचा.

अक्षय : मावशीला कळलंय?

निशिगंधा : भिंतीपलीकडे एकटी राहते, तिला नाय कळणार? रोज पाच मिनिटांत डबा देऊन यायचे मी. आता फाटकावरून चार किलोमीटर, कडेवर ही पोर.

अक्षय : भिंतीतल्या दाराची किल्ली घे. जा.

निशिगंधा : हिला घेऊन रूळ ओलांडू? आता किल्ली नको, तू जा. सकाळपासून मावशी फोन उचलत नाय. दार नुसतं लोटलेलं असतं तिचं. आत जाऊन बघून ये.