येसूआत्याच्या वाटणीचं लाकूड

ऐका. सरका जरा चुलीजवळ, आणि ते दार लोटून घ्या.

सव्वीस जुलै, साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, बुधवार. चार दिवस पावसाची झड, वारा पश्चिमेचा. रात्री नऊच्या सुमारास रावजी गोताड डोक्यावर घोंगडीची खोळ आणि हातात कंदील घेऊन घराबाहेर पडला. घरात सून शेवंती बाळंत व्हायची होती. सुईण येऊन बसली होती, आणि चुलीपुढचं शेवटचं लाकूड जळून गेलं होतं.

"अहो, पळा की!" बायको सरू ओरडली. "पाणी कशावर तापवू? तुमच्या मिशांवर?"

लाकडं होती. पण ती होती पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या खोपीत. आता तुम्ही म्हणाल, लाकडाची खोप कोणी इतकी लांब बांधतं का? रावजीनं बांधली. अंगणात असली की शेजारीपाजारी मागायला येतात ना! चैत्रात बांधली. ऐनाचे चार खांब, खाली दगडांवर फळ्या, म्हणजे वाळवी चढायची नाही. भिंतीला कारवीच्या काटक्यांचा कूड, वर कौलं. वारा खेळायला छपराखाली वीतभर फट. आत लाकडं अशी रचलेली, की दोन लाकडांमधून उंदीर जाईल पण ओल येणार नाही. खोप चांगलीच होती. मी स्वतः पाहिली आहे.

आता नीट ऐका. आदल्या दिवशी वाडीतली येसूआत्या गेली. एकटी म्हातारी, मागे कोणी नाही. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कोणी गेलं, की घरटी एक लाकूड द्यायचं. बाबल्या मांडवकर घरोघर फिरत रावजीच्या खोपीपाशी आला.

"रावजीदादा, एक लाकूड दे. आत्येसाठी."

रावजी दार अडवून उभा. पाठीमागे छपरापर्यंत कोरडं लाकूड. आणि म्हणाला काय? "ओली आहेत रे सगळी. खोप गळते."

बाबल्या तसाच पुढच्या घरी गेला. पावसात चिता नीट पेटलीच नाही. रात्रभर नुसती धुमसत राहिली.

तर रावजी पऱ्यावरच्या लाकडी पुलावर, साकवावर आला. मागे पावलं वाजली. पचक, पचक. वळून पाहिलं, कोणी नाही. फक्त धुराचा वास. ओल्या धुराचा.

"रावजी, सुकली का रे लाकडं?"

बाईचा आवाज! रावजी पळत सुटला, खोपीत शिरला, दार ओढून घेतलं. वाटलं, वाचलो. अहो, कसला वाचतोय!

लाकडाला हात घातला. ओलं! दुसरं ओलं. तिसरं पिळावं इतकं ओलं. वर पाहिलं तर एक कौल फुटलेलं नाही, आणि धारा लागलेल्या. हे सोडून बाहेर पडावं म्हणून वळला, तर दार कुठे आहे? दाराच्या जागी लाकडांची रास! उपसायला लागला. एक काढलं, मागे दुसरं. दुसरं काढलं, मागे तिसरं. कंदील विझला. चारी बाजूंनी रास सरकत आली. आधी गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला. हात हलवायला जेमतेम जागा उरली.

"सरू!" तो ओरडला. आवाज लाकडांतच जिरला. पऱ्यापलीकडून मात्र शेवंतीचं कण्हणं ऐकू येत होतं, अगदी कानाशी असल्यासारखं.

आणि कुडाच्या पलीकडून आवाज आला, "थंडी वाजते रे मला."

तेवढ्यात त्याच्या बोटांना एक लाकूड लागलं. कोरडं! खडखडीत! त्यानं ते घोंगडीखाली दडवलं. म्हटलं, एवढं तरी शेवंतीला. दडवलं मात्र, रास गळ्याशी आली. श्वास कोंडला.

तेव्हा कुठे माणसाला शहाणपण आलं. त्यानं कसाबसा हात वर केला, आणि छपराखालच्या फटीतून ते लाकूड बाहेर धरलं.

"आत्ये, हे तुझ्या वाटणीचं. कोरडं होतं. सगळीच कोरडी होती. मी खोटं बोललो!"

बाहेरून एका हातानं ते घेतलं. हात त्याच्या बोटांना लागला. गार होता, काजळी लागलेला.

रास मागे सरली, दार आपोआप उघडलं. रावजी रिकाम्या हातानं, पडत-धडपडत पऱ्याकडे धावला. साकवावरून त्याला मसणवट दिसली. भर पावसात तिथे पुरुषभर उंच जाळ उठला होता.

म्हणून सांगतो बाबांनो, रात्री त्या साकवाची वाट धरू नका. कितीही अडलं तरी नको. दिवसा जा, आणि मागितलेलं देऊन या.

मुलगी झाली, पहाटे पावणेपाच वाजता. पाणी बाबल्यानं आणून टाकलेल्या लाकडांवर तापलं. सकाळी रावजी माणसं घेऊन खोपीवर गेला. दाराला बाहेरून कडी होती, रावजीनं न लावलेली. आतली लाकडं कोरडी होती. रावजीच्या उजव्या हाताची काजळी दसऱ्यापर्यंत गेली नाही.