ज्या गाण्यांवर जनादादा नाचला नाही

नमस्कार मंडळी. माइक जरा खाली घेतो, माझ्या आधी बोलले ते काका उंच होते.

मला बोलायला सांगावं लागत नाही, गप्प बसायला सांगावं लागतं, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. पण आज सकाळपासून घसा धरलाय. म्हणून लिहून आणलंय. मी आठवी नापास. माझं अक्षर कधीकधी माझं मलाच लागत नाही. अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझं नाव निलेश. मस्कतला एसीच्या डक्टचं काम करतो. पाच वर्षांत ही चौथी कंपनी. जनादादा म्हणायचा, "निल्या, तुला बसायला खुर्ची दिली तर तू तिच्याभोवती फेऱ्या मारशील." दादा गेला, आणि माझं विमान उतरलं चौथ्या दिवशी. मला खांदा द्यायला मिळाला नाही. म्हणून आज उभा राहिलोय.

दादाला तुम्ही सगळे ओळखता. फुलपाड्यात मोटर रिवायंडिंगचं दुकान. आगाशीच्या वाड्यांमधले विहिरीवरचे पंप जळले की याच्याकडे. पंप घेऊन आलेल्या माणसाला दादा आधी काय विचारायचा? पंपाला काय झालं? नाही. "तुमच्याकडे लग्न कोणाचं आहे? बँड कोणाचा?"

कारण बँड पास्कूअंकलचा असला, तर दादा त्या लग्नाला जाणार. बोलावलं तरी जाणार. नाही बोलावलं तरी जाणार.

अंकल समोर बसलेत. सगळ्यांना माहीत आहेत, तरी नवीन माणसांसाठी सांगतो. बावीस वर्षांपूर्वी अंकलची एक कॅसेट आली होती. निळं कव्हर. कोळीवाड्यातल्या आपल्या बोलीत रॉक. तसं कोणी केलं नव्हतं. त्या कॅसेटवर आमच्यासारखी पोरं वेडी झाली. आणि तेव्हा अंकल म्हणाले, दुसरा अल्बम येत्या नाताळला.

मंडळी, किती नाताळ झाले?

हसा, हसा. अंकल पण हसतायत.

अल्बम येईना, पण पोटासाठी अंकल लग्नात वाजवायचे, आणि अधूनमधून एखादं नवीन गाणं तिथे घुसडायचे. नवरा-नवरी केक कापतायत, आणि मध्येच चार मिनिटं नवीन माल! ते ऐकायला दादा जायचा. मी पण एका लग्नात असाच घुसलो होतो. मी जेवायला, दादा गाण्याला. गेटवर एका मामांनी अडवलं. "कोणाकडचे तुम्ही? मुलाकडचे की मुलीकडचे?" माझी तंतरली. दादा शांतपणे म्हणाला, "बँडकडचे." आणि माझा हात धरून आत! नऊ वर्षं झाली. त्या दिवसापासून हा माणूस माझा दादा.

वसईतल्या कितीतरी घरांत लग्नाचे फोटो काढून बघा. मागे कुठेतरी पांढरा शर्ट घातलेला एक अनोळखी माणूस हात वर करून नाचताना दिसेल. तो आमचा दादा.

आणि नाचायचा कसा! निळ्या कॅसेटमधलं पहिलं गाणं सुरू झालं की दादा जमिनीवर नसायचाच. एकदा त्याची चप्पल उडाली ती थेट नवरीच्या आत्याच्या ताटात. आत्याने ती उचलून परत दिली आणि स्वतः नाचायला आली.

आम्ही एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, 'नाताळ नक्की' नावाचा. त्यातली सगळी पोरं आज मागच्या रांगेत आहेत. दर डिसेंबरला ग्रुपवर शिव्या. अंकल आळशी आहेत, अंकल फेकतात, अंकल संपले. माफ करा अंकल, मी पण लिहिलंय, आणि वाईट लिहिलंय. दादा एकटा तुमच्या बाजूने. "शिजतंय रे. झाकण काढू नका." मी मस्कतवरून फोन केला की तब्येत नंतर, आधी हेच. "दादा, आला का?" "नाताळला." "कुठल्या?" "तू फोन ठेव."

आता ऐका. हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

नवीन गाणं लागलं की दादा नाचायचा नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. सगळा मांडव हलतोय आणि हा मध्ये खांबासारखा. डोळे मिटलेले, मान जराशी डावीकडे. मी हलवायचो, "अरे नाच ना!" तो हात झटकायचा. गाणं संपल्यावर म्हणायचा, "नाचलो की गाणं पायात जातं. एकदाच मिळणार ते, मला घरी न्यायचं असतं." आणि खरंच न्यायचा. सोमवारी दुकानात तांब्याची तार गुंडाळताना अख्खं गाणं गुणगुणायचा. एकदा ऐकलेलं!

पण हे त्याने अंकलना कधी सांगितलं नाही. कार्यक्रम संपला की अंकलचा हात हातात घेऊन एकच विचारायचा, "अंकल, अल्बम कधी?" मी म्हटलं, गाणं भारी होतं ते सांग की. तर म्हणे, "मी वायंडिंग करणारा माणूस. त्यांना मी काय सांगणार गाणं कसं झालं?"

परवा मी दादाच्या घरी होतो, तेव्हा अंकल आले. वैशालीवहिनींसमोर खाली मान घालून बसले. चहा गार झाला तरी कप उचलेनात. मग म्हणाले, "वैनी, आता अल्बम काय होनार नाय. ज्याच्यासाठी करत होतो तो गेला."

वहिनी तो गार झालेला कप उचलून आत गेल्या.

अंकल म्हणाले, "बावीस वर्सं प्रत्येक नवीन गानं मी त्याच्यासमोर वाजवलं. सगळे नाचायचे. लग्नात लोक कशावर पन नाचतात. पन जना नाचायचा नाय. जुन्यावर येड्यासारखा नाचनारा मानूस नव्यावर नुसता उभा! मग मी काय समजू? गानं झालं नाय. घरी जायचो, परत करायचो. परत वाजवायचो, परत हा उभा. आनि वर हात धरून विचारायचा, अल्बम कधी!"

मंडळी, मी खुर्चीवरून उठलो. बसलो. परत उठलो. एक माणूस अल्बमची वाट बघतोय, आणि अल्बम करणारा त्या माणसाच्या नाचण्याची वाट बघतोय. एका मांडवात. दहा पावलांवर. आणि दादा का उभा राहतो ते माहीत असलेला मी मूर्ख मस्कतला बसून ग्रुपवर शिव्या लिहितोय!

मी अंकलना सांगितलं. दादा का उभा राहायचा ते सगळं सांगितलं. अंकलनी ते मला तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला. आम्हाला वाटलं वहिनी रडतायत. वहिनी हसत होत्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता म्हणाल्या, "बाई गं! यांच्यामुळे रखडला होय?" मग अंकल हसले. मग मी. मग सगळं घर. शेजारच्या काकू धावत आल्या, यांच्या घरी काय झालं म्हणून.

मग वहिनी दादाची ती सोमवारची गाणी गुणगुणायला लागल्या. बावीस वर्षं घरीही कानावर पडलेली. अंकल ऐकत होते. म्हणाले, "हे तर मी दोनदा बदललं. पयलंच बरं होतं वाटतं."

मला राग यायला हवा होता. दोघांपैकी एकाने एकदा मोकळेपणी विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटलंच. पण वहिनी म्हणाल्या, "राहू दे निलेश. दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. लग्न दुसऱ्याचं, आनंद यांना. एवढा खूश माणूस मी दुसरा बघितला नाही."

मी अंकलना म्हटलं, मग आता अल्बम काढा. अंकल म्हणाले, "गानं झालं की नाय, ते आता मला कोन सांगनार?"

मी म्हटलं, रविवारी सभेला गिटार घेऊन या.

तर मंडळी, अंकलनी गिटार आणली आहे. अशा सभेत शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात. आपण जरा जास्त वेळ राहू. अंकल एक नवीन गाणं वाजवतील. मोबाइल बंद करा. पाय हलवायचा नाही, मान हलवायची नाही. मागच्या रांगेतला विकी, तू हात खिशात घाल, तुझा भरवसा नाही. वहिनी, तुम्ही बसलात तरी चालेल. सगळ्यांनी डोळे मिटा. मान जराशी डावीकडे. हां, अशी.

अंकल, तुम्ही मात्र डोळे उघडे ठेवा. आमच्याकडे बघत वाजवा. एक जरी माणूस नाचला, तर गिटार पिशवीत घाला आणि खुशाल घरी जा. पण कोणीच हललं नाही, तर नाताळला अल्बम पाहिजे.

चला. उभे राहूया.