उजव्या हाताचा सेल

नाई जी भाऊ, मोबाईल नाई, मोबाईल माझा चांगला हाये — थांबा, पिशवीतून काढू तं द्या. हे पाहा. हे डोळ्याले बांधाचं खेळाचं डबडं, अना हे दोन हातात धराचे. यातला उजवा बिघडला. डाव्याले हात लावू नका, तो बराबर हाये. उजव्याची बॅटरी बदलून द्या, बस्. हसून काऊन राहिले? दवनीवाड्याहून आली मी, घरचं सारं काम तसंच टाकून, कुडव्यात हे असलं सामान तुम्हीच पाहता म्हने. बॅटरी म्हनजे सेल जी! पोराच्या नादानं मीही तसंच बोलाले लागली. आमचा विक्की — पुन्यात नोकरीले हाये — तो फोनवर ओरडून राहिला, आई, बॅटरी बदल, बॅटरी बदल. मी गेली बजारात अना आनली बॅटरी. उजेडाची! वावरात नेतात ते! फोटो पाठवला त्याले तं पहिले हसला, मंग चिडला. अरे बाबू, तुमच्याकडं सेलाले बॅटरी म्हनत असन, आमच्याकडं बॅटरीत सेल टाकतात — यात माझं काय चुकलं?

कोन खेळते म्हनजे? मी नाई जी, या वयात मले कायचे खेळ! आमच्या घरचे. आमच्या पोरीचे, दिव्याचे बाबा — टेकचंद बिसेन म्हनलं तं ओळखान तुम्ही, मंडईच्या जत्रेत दंडारीचा नाच असला का ढोलक त्यांचाच. मांगच्या पावसाळ्यात लकवा मारला, उजव्या अंगाले. पाय सुधरला. तोंडही सुधरलं — तोंड तं जरा जास्तच सुधरलं, शिव्या साऱ्या शाबूत हायेत — हात मात्र नाई आला. अना मानूस असा जिद्दी का डाव्या हातानं लोकांपुढं जेवनार नाई. लग्नाचं बलावनं आलं का यांचं पोट दुखते. घरात भिंतीकडं तोंड करून जेवतात. मी म्हटलं, भरवू का, तं ताटच ढकललं. आता दिव्याचं लगीन जमून राहिलं — परवा पाहुने आले, पोरीचा बाप कोठी गेला, तं कोठ्यात! गाईले चारा टाकतो म्हने. पोरगी चहाचा ट्रे घेऊन उभी, अना सासरा होनारा मानूस मले विचारते, यजमान कुठं हायेत? काय सांगू मी? सांगतलं, गाय वेनार हाये. कायची वेते, भाकड गाय!

म्हनून विक्कीनं दिवाळीत हे आनलं. याच्यात एक झाड हाये म्हने, लाल फळाचं. हात वर केला का फळ तुटते. खेळता खेळता हात मोकळा होते. अना खरंच जी — सुरवातीले कसे खूश होते! सकाळी चहा प्यायचा का डोळ्याले डबडं बांधून खुर्चीवर. तुटलं, म्हनत, पाहा तुटलं! मले काय दिसते, मले तं हात हवेत हालताना दिसे, तरी मी म्हनो, हो, तुटलं. मंग बिघडलं हे. सेल उतरला, म्हनतात. दुसरा टाकला — उतरला. आमच्या गावच्या केशोरावाच्या दुकानातून आनलेले, मी म्हटलं, जुना माल खपवून राहिला हा. गेली अना भांडली! साऱ्या गिऱ्हाइकांपुढं सेल त्याच्या गल्ल्यावर आपटले. तो म्हने, वयनी, माल ताजा हाये, मी म्हटलं, तुझा ताजेपना मले नको शिकवू. घरी येऊन सेल उन्हात ठेवले, वड्यांसंगं — उन्हात ठेवला का सेल थोडा धकते न्, रेडिओचे तसेच धकवत होतो आपन. तरी तेच. मंग तेच सेल भिंतीच्या घड्याळात टाकून पाहिले — तं घड्याळ चालते! टकाटक! म्हनजे सेलात खोट नाई, या यंत्रातच खोट हाये. म्हनून तुमच्याकडं आली.

कसं बिघडते म्हनजे, अगदीच बंद नाई पडत. खालचे फळ तुटतात. ते तं अजूनही तुटतात. पहिले सारे खालीच होते, आता खेळ पुढं गेला तं वर वर येऊन राहिले म्हने — अना वरचं फळ आलं का सेल उतरते. दरवेळी. वरचं आलं का बंद. चिडतात मंग, यंत्र पलंगावर फेकून देतात, मले म्हनतात, भंगार आनलं तुझ्या पोरानं... काय पाहून राहिले जी माझ्याकडं? बांधा न् डोळ्याले, तुम्हीच पाहा. घ्या हातात. हो, तोच, आतमधी केशोरावाचाच सेल हाये. दिसलं झाड? खालचं तोडा. तुटलं? ते तुटनारच. आता वरचं — वर करा हात. आनखी वर.

तुटलं?

डावा असन तुमच्या हातात. उजवा हाये? पाहा बरं पुन्हा. सारं वरचं तोडून दाखवा. ते शेंड्यावरचं...

तुटलं.

काढा ते डबडं. ठेवा खाली. नाई, बसत नाई मी, पानीही नको. अशी कशी मी जी — रोज समोर बसून पाहून राहिली, हात इथपर्यंत येते, खांद्यापर्यंत, अना तिथून थरथरून खाली पडते. रोज पाहिलं. अना भांडली कोनासंगं तं केशोरावासंगं.

ऐका, तुम्ही नवा सेल टाका यात. माहीत हाये जी मले, जुना चांगला हाये, तरी टाका. दुसऱ्या रंगाचा टाका, दिसला पाहिजे त्यांले. मी सांगन, सेलच खराब होता, कुडव्याच्या भावानं बदलून देल्ला. अना दुसरं — ते फळ खाली घेता येते का? पहिल्यासारखे? येते? मंग घ्या खाली. तेवढे खाली नको, ओळखतीन ते, मोठा हुशार मानूस हाये. खांद्याच्या जरासे वर ठेवा. जरासेच. तिथपर्यंत थरथरत का होईना, पन जाते.

बस्, झालं. असे पाहू नका जी माझ्याकडं. मांगं गिऱ्हाईक उभं हाये, त्याचं पाहा.