मृतसाठ्याचं पाणी

मंडळी, ऐका! एकच सवाल. समोर पाणी डोळ्यांना दिसतंय, आणि पाणीवाला म्हणतो — नाही! मग लबाड कोण? — मागून कोण म्हणालं 'पाणीवाला'? शाब्बास! आख्यान तुमच्यासाठीच आहे.

धरणाच्या पायथ्याला रंभाजीची मोसंबीची बाग. सात वर्षं पोरावाणी जपलेली! चैत्रात पानं गळायला लागली, कालवा कोरडा. आणि धरणाच्या दारावर चौकीदार कोण? सख्खा दाजी, भिवसेन! फलकावर 'साठा शून्य', आणि मागं पाणी चकाकतंय!

"दाजी, हे काय मग, दूध?"

"तो मृतसाठा रे. तो कालव्याला —"

"बरं आमच्याच वेळी मेलं पाणी! वरच्या गावासाठी राखलंय म्हणा की!"

झालं! संशय शिरला. दाजी हसला — चोर! नाही हसला — तर पक्का चोर! बांधालगतची पाच झाडं तेवढी हिरवी. का? "दाजीनं माझ्याच बांधातून चोरून पाइप नेलाय, तोच झिरपतोय!" पठ्ठ्यानं अख्खा बांध खणला, मंडळी! निघालं काय? उंदीर! आणि अक्काच्या, सख्ख्या बहिणीच्या घरचं पाणी पिणं सोडलं. दोन महिने थेंब नाही.

एका दुपारी पहार घेऊन निघाला धरणाच्या दाराचं कुलूप तोडायला. दाजीनं किल्लीच पुढं केली. "तोडू नको, सरकारी आहे. फिरव चाक."

फिरवलं! तळहात सोलले, दार वर आलं. आणि बाहेर आलं काय? एक खेकडा! रंभाजीनं वाकून पाहिलं. दार इथं, पाणी पुरुषभर खाली.

"दाराखालचं पाणी कालव्याला येत नाही, म्हणून मृत," दाजी म्हणाला. "तीनदा सांगायला लागलो. तू 'मृत' ऐकलंस आन् पाठ फिरवलीस."

तेवढ्यात त्याच खालच्या पाण्याकडून, चिखल तुडवत, डोक्यावर घागर घेऊन अक्का वर आली. भावाला बघून थबकली.

"एवढं पाणी कुठं नेतीस गं?"

"तुझ्याच बागेत. तू जेवायला गेलास की वतते." तिनं मान खाली घातली. "पाचच जगवता आली रे, बाबा."

रंभाजी रडला, मंडळी! मग ओंजळ पुढं केली. "अक्का, आधी मला पाज."

आता तुमच्याकडं वळतो. मघाशी मागून बोललात ना, तुम्हीच! भावाकडं, जावेकडं माया नाही म्हणता. असते माया, पण तुमच्या दाराच्या खाली! ती आपोआप वाहत येत नाही, खाली उतरावं लागतं. कुणाच्या घरचं पाणी सोडलंय, ते ज्याचं त्याला ठाऊक. नारळ-प्रसाद नंतर घ्या. आधी त्या घरी जा आणि पाणी मागा!