शूटिंगपुरती केबिन

वीणा : मग खून नेमका कुठे केला?

जयसिंग : माझ्या केबिनमध्ये.

वीणा : कोणाचा?

जयसिंग : बॉसचा. हीरो त्याच्या हाताखाली असतो, त्याला बॉसची खुर्ची हवी असते. म्हणून कॉफीत काहीतरी घालतो. थ्रिलर आहे ना.

वीणा : म्हणजे तुमच्या केबिनमध्ये, तुमच्या टेबलापाशी, तुमच्याच हुद्द्याचा माणूस मारला. आणि तुम्ही बाहेरून टाळ्या वाजवल्या.

जयसिंग : टाळ्या नाही. शूटिंगमध्ये आवाज चालत नाही.

वीणा : सांगितलंत ते बरं झालं. आणि हे सगळं उरकलं कधी?

जयसिंग : झाले की आठ-दहा दिवस.

वीणा : सिनेमावाले मुंबईला पोचले. त्यांचे दिवे पोचले. मेलेला बॉससुद्धा तोंड धुऊन आपल्या घरी गेला. तुम्ही मात्र अजून पॅन्ट्रीच्या दाराशी बसताय.

जयसिंग : तात्पुरतं आहे, वीणा. आणि तिथे वाईट काही नाही. पॅन्ट्री जवळ, चहा गरम मिळतो.

वीणा : गाव सोडून इथे उत्तरेत आलात, वीस वर्षं चिनहटच्या त्या ऑफिसात पंखे विकलेत, ते गरम चहासाठी?

जयसिंग : त्या लोकांनी केबिनमध्ये नवा गालिचा टाकला, मोठी खुर्ची आणली आणि जाताना ठेवून गेले. इंद्रजित म्हणाला, सर, कोणीतरी बसायला हवं, नाहीतर अॅडमिनवाले उचलून नेतील. म्हणून तो बसतो.

वीणा : गालिच्याची राखण करायला.

जयसिंग : तसंच समज.

वीणा : केवढा त्याग. आपल्या कराडचं पोरगं म्हणून तुम्ही त्याला नोकरी दिलीत, इथल्या महानगर मोहल्ल्यात खोली बघून दिलीत, दर रविवारी माझ्या हातचं मटण खाऊ घातलंत. त्याला तुमच्यासाठी एवढं तर करायलाच हवं.

जयसिंग : टोमणे पुरे. येईलच तो आता.

वीणा : दिल्लीचे साहेब शूटिंग बघायला आले होते ना? काय म्हणाले?

जयसिंग : हिरॉइनबरोबर फोटो काढायला आले होते. गडबडीत होते.

वीणा : तुमच्याशी बोलले?

जयसिंग : बोलले ना.

वीणा : काय?

जयसिंग : मोबाइलमध्ये बघत होते गं. मान वर केलीच नाही. पॅन्ट्रीच्या दारात कोणी बसलंय एवढंच दिसलं असेल. म्हणाले, दो चाय भिजवा दीजिए, केबिन में.

वीणा : आणि तुम्ही?

जयसिंग : पाठवले. एक कम शक्कर.

वीणा : उद्या तेच साहेब झोनल हेड ठरवायला येणार आहेत.

जयसिंग : माहीत आहे.

वीणा : ज्या खुर्चीची तुम्ही इतकी वर्षं वाट बघितलीत, ती उद्या ठरणार. आणि उद्या केबिनमध्ये कोण दिसणार? मला इंद्रजितचा राग येत नाही हो. तुमचा येतो. आणि तुमच्याकडे बघितलं की रडू येतं.

जयसिंग : अगं, एका खोलीसाठी मी त्या पोराशी भांडू? लोक म्हणतील, किती कोत्या मनाचा माणूस. साहेब काम बघतात. जागा बघत नाहीत.

वीणा : काम बघतात म्हणूनच चहा मागितला असेल. थांबा, बेल वाजली. आज मी दाखवते जागा काय असते ती. या कपड्यांना हात लावू नका.

(ती इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग जेवणाच्या टेबलाजवळच्या एका खुर्चीवर ठेवते.)

इंद्रजित : नमस्कार काकू. काय सुगंध येतोय, यार. नाक्यावरूनच भूक लागली. ह्या रेवड्या, चौकातल्या. सर, नमस्कार.

जयसिंग : ये, ये. ऊन फार आहे ना?

इंद्रजित : हाँ सर, तुमच्या वृंदावन योजना कॉलनीपर्यंत येता येता भाजून भुट्टा झालो. अरे, माझ्या खुर्चीवर कपडे?

वीणा : हो रे. आज तिथे शूटिंग आहे. तू त्या स्टुलावर बस, किचनच्या दाराशी. थोडे दिवस अॅडजस्ट कर.

इंद्रजित : काकू, मज़ाक करताय?

वीणा : कपड्यांची राखण करायला एखादी खुर्ची हवीच ना. नाहीतर उचलून नेतील.

इंद्रजित : अच्छा. समझ गया. पण काकू, तिथे पंखा नाही. मला माझी जागा द्या.

वीणा : ऐकलंत, अहो? असं मागतात. लाजला नाही, घाम पुसला नाही, लोक काय म्हणतील याचा विचार केला नाही.

इंद्रजित : त्यात लाजायचं काय? मागितलं तर जास्तीत जास्त नाही म्हणतील.

वीणा : मग मीही मागते. सरांची केबिन परत कधी देणार?

इंद्रजित : आत्ता. ही घ्या चावी, टेबलावर ठेवली. सर, मी रोज वाट बघतो की तुम्ही बोलाल. तुम्ही बोलतच नाही.

जयसिंग : अरे, बोलायचं काय त्यात.

इंद्रजित : सर, खरं सांगतो, राग मानू नका. सिनेमाच्या डायरेक्टरनी मला विचारलं होतं, तुमच्या ऑफिसात असं होईल का, कुर्सी के लिए मर्डर? मी म्हटलं, सरजी, हमारे यहाँ ज़रूरत ही नहीं पड़ती. पूछ लो तो लोग खुद उठ जाते हैं. फार हसले ते.

वीणा : हसतीलच. त्यांचा विषाचा खर्च वाचला असता.

इंद्रजित : काकू, मी काही लपवत नाही. मलाही झोनल हेड व्हायचंय. साहेबांनी सकाळी फोन केला, उद्याचं प्रेझेंटेशन तू कर म्हणाले. मी हो म्हटलं. पण सर आत्ता म्हणाले की केबिन माझी, प्रेझेंटेशन माझं, तर मी आत्ता साहेबांना फोन करून सांगतो. आपके सामने. सर, म्हणा ना.

वीणा : म्हणा. चावी समोर आहे. फोन त्याच्या हातात आहे.

इंद्रजित : सर?

जयसिंग : उद्या साहेब येणार आणि आज सामान हलवायचं. बरं दिसत नाही ते. प्रेझेंटेशनची तयारी तुझी झालीय ना?

इंद्रजित : झालीय. तुमच्याच स्लाइड आहेत.

जयसिंग : मग झालं तर. पुढचं पुढे बघू. चावी ठेव तुझ्याकडे.

वीणा : अहो.

जयसिंग : घाई काय आहे, वीणा? मी कुठे जातोय.

वीणा : तेच तर. तुम्ही कुठेच जात नाही.

इंद्रजित : ठीक है सर. मी विचारलं होतं हं काकू, तुम्ही साक्षीला आहात. आता खरंच भूक लागली. हे कपडे उचलू?

वीणा : ते हलणार नाहीत. आज मीही हलणार नाही.

इंद्रजित : मग बसू कुठे?

जयसिंग : अरे, उभा कशाला? इकडे ये, माझ्या खुर्चीवर बस. इथे पंख्याचा वारा नीट लागतो.

इंद्रजित : आणि तुम्ही, सर?

जयसिंग : मी बसतो ना स्टुलावर.

वीणा : अहो, उठू नका. ऐका माझं, उठू नका.

जयसिंग : असू दे गं. इथे किचन जवळ. भाकरी गरम मिळते.