कार्यवाही चालू आहे

— नाही, ते मला शिकवू नका! ‘साहेब, रोजच्या रोज मेल पाहत जा’ म्हणे! तुम्ही संगणक दुरुस्त करता, मी इस्पितळांच्या चादरी धुण्याचा कारखाना चालवतो. दिवसाला चारशे मेल येतात, चारशे! कुणाचं गाठोडं कमी भरलं, कुणाला पंखा हवा — आणि प्रत्येकाची प्रत मला. का? तर उद्या काही बिनसलं की ‘साहेबांना कळवलं होतं’ म्हणायला मोकळे! एक ना धड, भाराभर चिंध्या. म्हणून मी तोडगा काढला — स्वतः, कुणालाही न विचारता. मुख्य कचेरीचे मेल समोर, बाकी सगळे ‘सवडीने’ नावाच्या कप्प्यात, आणि त्यांना आपोआप उत्तर : ‘आपली सूचना मिळाली. योग्य ती कार्यवाही चालू आहे.’ भाषा पाहा, कुठे बोट ठेवायला जागा नाही. वर्षभरात एकाचीही कुरकुर नाही. असेल कशी? उत्तर मिळालं की माणूस गप्प बसतो.

आमचे इस्त्रीखात्यातले मेस्त्रीही बसले — ते असो. तुम्ही तो कप्पा तेवढा रिकामा करा. चौकशीचे लोक तीनला येताहेत. काय उघडलंत? वाचू नका म्हटलं ना! …वाचा, वाचा. मेस्त्रींचे चार आहेत, मला ठाऊक आहे. ‘इस्त्रीच्या रोलरपुढची जाळी सैल झाली आहे, यंत्र बंद ठेवू का?’ चार वेळा विचारलं! अहो, पण जिना चढून वर यायला पाय नव्हते? सव्वीस वर्षं माझ्या हाताखाली, मला दादा म्हणणारा माणूस — दार ठोठावायचं, बोंब मारायची! …कसे येणार? मीच फतवा काढला होता, माझ्या दारात कुणी उभं राहायचं नाही, जे असेल ते लेखी. आणि लेखी उत्तर मिळतच होतं त्यांना — कार्यवाही चालू आहे! त्या भरवशावर यंत्र चालवलं त्यांनी. उजवा हात गेला, मनगटापासून.

असं पाहू नका माझ्याकडे. ते उत्तर तुमच्या यंत्रानं धाडलं, मी नाही. मी नाही!

आणि हा सगळ्यांत वरचा कुणाचा? नाव मेस्त्रींचं, तारीख आजची — त्यांच्या पत्नीनं लिहिलाय. ‘भाऊजी, फोन तुम्ही उचलत नाही म्हणून लिहिते. शुद्धीवर आल्यापासून एकच विचारताहेत, दादांनी धाडलेला माणूस जाळी बसवून गेला होता का, माझ्याच नजरेतून सुटलं का. त्यांना काय सांगू?’

…आणि खाली हे काय? गेलं? तिलाही तेच उत्तर गेलं?

हात काढा तिथून. काहीही पुसायचं नाही. एक अक्षर नाही! उठा — उठा म्हणतो ना — आणि चालते व्हा.