दारोदारचा चहा

न्हाई हो ताई, डोळाच न्हाई लागला — पोटातलं लेकरू पाकातल्या गुलाबजामासारखं फुगून राह्यलंय, हेच रात्रभर दिसत होतं! हसा, हसा. डी.एड. झालेली बाई मी, दुसऱ्यांच्या पोरांना सकस आहार शिकवायचे. बसते जरा तुमच्याजवळ. अंबडची जीप भरल्याशिवाय काही हलत न्हाई, तुम्हाला वेळ आहेच.

सातवा लागला आन् शुगर निघाली. साखर बंद, भात बंद, ज्वारीची भाकरी तेवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जेवण झालं की थोडं फिरायचंच — आन् ह्या तपासणीला उतरली न्हाई तर इन्सुलिनची सुई. मंग फिरत न्हाई का मी? फिरते की! पाय भरून येतात तरी फिरते. पण कुठं फिरायचं? ही एकच गल्ली. दोन दारं ओलांडली की हाक — ये ग ज्योत्स्ना, दोन जिवांची तू, टेक जरा! आन् टेकलं की हातात चहा, नुसता पाक. नको म्हणावं? पोटुशी बाई दारातून तशीच गेली तर त्यांच्या जिवाला लागतं. एकीचा घेतला तर दुसरी रुसते. घरात पडून राह्यले असते तर बरं — चालून चालूनच शुगर वाढवून राह्यले बघा मी.

सांगून टाकू म्हणता? काय सांगू? एवढ्याशा वयात शुगर, म्हणतील — मंग ते सासूबाईंच्या कानावर जाईल, मंग लेकराचं काही झालं की बोट माझ्याकडंच. आमच्या ह्यांना तेवढं माहीत आहे, आन् ह्या पायलला — डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा मांडीवरच बसली होती. ही झाली ना, तेव्हा अशी दणकट! सगळे म्हणाले, काय गुटगुटीत, मीही मिरवलं. तेव्हा शुगर कोणी तपासलीच न्हाई. पहिला श्वास घ्यायला हिनं किती वेळ लावला, ते मात्र मी कुणाला — जाऊ द्या. तुम्ही परगावच्या, म्हणून बोलले.

अगबाई, आल्याच चांगुणामावशी, कपबशी घेऊन पार इथवर! ताई, तुम्ही काही बोलू नका हां. — या मावशी, या, कशाला एवढा त्रास — न्हाई, घेते की, आणा — पायल, पदर ओढू नको — आजच्या दिवस घेते ताई, उद्यापासून बिलकुल —

"आज्जे, आईला शुगर हाय! तिचा चहा मला दे."